म्हावरा आणि शून्य: लहान मुलांच्या बोलण्याचा आपल्या किनाऱ्यावरचा इतिहास

तर झालं असं. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मी मुरूड तालुक्यातल्या किनाऱ्यालगतच्या एका अंगणवाडीत बसले होते. हातात चित्रकार्डांचा गठ्ठा, मांडीवर गुण लिहायचा तक्ता, आणि समोर कोळीवाड्यातली साडेचार वर्षांची एक मुलगी. कार्ड दाखवायचं, "हे काय आहे?" विचारायचं. बरोबर शब्द आला की 1, नाही आला की 0. चेंडू झाला, छत्री झाली, मग माशाचं कार्ड आलं. निळा, गुबगुबीत, हसऱ्या तोंडाचा मासा. मुलगी नुसती बघत राहिली. मी पुन्हा विचारलं, तरी ती गप्प. नियमाप्रमाणे थांबायचं तेवढं थांबले आणि शून्य लिहून टाकलं.

कार्ड खाली ठेवताना ती मदतनीस ताईंकडे वळून हळूच म्हणाली, "यो कंचा म्हावरा?"

ताई हसल्या. "मॅडम, ती विचारते हा कुठला मासा. असला तिनं कुठं बघितलाय?"

मुलीची आई बाजारात मासळी विकते. त्याच दुपारी अंगणवाडी सुटल्यावर ही मुलगी मला बोंबील, मांदेली, बांगडा, कोळंबी अशी नावं घेत, कुठल्या माशाला काटे जास्त आणि बोंबील वाळत कसे घालतात ते हातवारे करून सांगत होती. माझ्या तक्त्यात मात्र 'मासा' या शब्दापुढे शून्य होतं. आणि समजा तिने कार्ड बघून 'म्हावरा' म्हटलं असतं, तरी उत्तरसूचीत तो शब्द नव्हताच.

मी मूळची एम.एस्सी. फिजिक्सची. संध्याकाळी गाइडना फोन केला तेव्हा त्यांनी एकच विचारलं: "व्हर्निअर कॅलिपर हातात घेतल्यावर तू सगळ्यात आधी काय करायचीस?" झीरो एरर बघायचे. जबडे पूर्ण मिटल्यावर उपकरण शून्य दाखवतं का, ते आधी तपासायचं आणि मगच मोजायला घ्यायचं. मग हे शून्य मुलीचं होतं की माझ्या उपकरणाचं?

आजचा लेख या प्रश्नाच्या इतिहासाबद्दल आहे. लिटरेचर रिव्ह्यू करताना लक्षात आलं की हा प्रश्न मला सुचण्याच्या किती तरी आधी लोकांना पडला होता, आणि आपल्याकडे तर तो याच किनारपट्टीवर, मुंबईच्या उत्तरेला, कुणीतरी प्रत्यक्ष काम करून सोडवायला घेतला होता. शिक्षण, मानसशास्त्र किंवा भाषाविज्ञानात संशोधन करू पाहणाऱ्यांनी हा इतिहास नीट वाचायला हवा असं मला वाटतं. कारण त्यात उपकरण निवडण्याच्या चुकाच चुका आहेत, आणि त्या चुकांची किंमत मुलांनी मोजली आहे.

आधी थोडं: मौखिक भाषा म्हणजे नेमकं काय?

बालशिक्षणात 'मौखिक भाषा विकास' म्हणतात तेव्हा फक्त शब्दसंग्रह अभिप्रेत नसतो. ऐकून समजणं, आपलं म्हणणं वाक्यात मांडणं, घडलेली गोष्ट क्रमाने सांगणं, 'का' आणि 'कसं' विचारणं, समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबणं, हे सगळं त्यात येतं.

याचं पुढच्या शाळेशी काय नातं? 1986 मध्ये गफ आणि टनमर यांनी वाचनाचं एक साधं सूत्र मांडलं. वाचून समजणं = अक्षरं उलगडता येणं × भाषा समजणं. मधलं चिन्ह बेरजेचं नाही, गुणाकाराचं आहे. म्हणजे मूल कितीही भराभर अक्षरं वाचू लागलं, तरी त्या भाषेतलं ऐकून समजत नसेल तर उत्तर शून्याच्या जवळच राहणार. पहिलीतल्या वाचनाचा पाया चौथ्या-पाचव्या वर्षीच्या गप्पांमध्ये घातला जातो, असं म्हणतात ते यामुळे.

इथपर्यंत वाद नाही. ज्या मुलाची घरची भाषा शाळेच्या भाषेसारखी नाही, त्याच्याकडे 'भाषा कमी आहे' असं म्हणायचं का, हा खरा वादाचा मुद्दा.

बोर्डी, 1945: अंगणात गेलेली शाळा

ताराबाई मोडक (1892–1973) हे नाव आपण सामान्य ज्ञानाच्या पुस्तकात एका ओळीत वाचतो आणि पुढे जातो. त्यांचं काम क्रमाने पाहिलं की त्यातला शोध दिसतो.

मारिया मॉन्टेसरी यांनी 1907 मध्ये रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिलं बालगृह सुरू केलं. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढलं आणि मॉन्टेसरी पद्धत गुजराती मुलांच्या हाती दिली. गोष्ट सांगणं हे त्यांच्या शिक्षणाचं मोठं अंग होतं. ताराबाई तिथे त्यांच्याबरोबर काम करायला गेल्या. 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे ताराबाई मुंबईत आल्या आणि दादरला शिशुविहार उभं राहिलं.

इथे एक अडचण होती. मॉन्टेसरीची साधनं महाग. त्यामुळे गरिबांच्या वस्तीत जन्मलेली ही पद्धत आपल्याकडे मात्र शहरातल्या सुस्थितीतल्या घरांपुरती राहण्याची भीती होती. 1945 मध्ये ताराबाईंनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. तेव्हा ते ठाणे जिल्ह्यात होतं, आता पालघरमध्ये आहे. अनुताई वाघ (1910–1992) तिथे त्यांच्याबरोबर आल्या आणि जन्मभर त्याच कामात राहिल्या.

बोर्डीला एक मध्यवर्ती बालवाडी होती. पण वस्तीवरची सगळ्यात गरीब मुलं तिथवर येईनात. तेव्हा या दोघींनी बालवाडीच उचलून वस्तीत नेली. घरासमोरच्या अंगणात मुलं जमवायची, तिथेच आंघोळ, स्वच्छता, गाणी, गोष्टी, खेळ. ही अंगणवाडी. साधनं आजूबाजूची: शंख-शिंपले, बिया, पानं, दगड, माती. 1957 मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या परिसरात गेलं. तिथे गुरं चारायला जाणारी मुलं शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळा कुरणात गेली आणि तिचं नाव पडलं कुरणशाळा.

या प्रयोगाकडे बहुतेक वेळा 'स्वस्तातलं शिक्षण' म्हणून पाहिलं जातं. मला त्यात भाषेच्या दृष्टीने एक मोठी गोष्ट दिसते. हे माझं वाचन आहे, तुम्ही वाद घालू शकता. मॉन्टेसरीच्या वस्तुपाठाला तीन पायऱ्या असतात: 'हे अमुक आहे', 'अमुक दाखव', 'हे काय आहे?' शब्द मोठ्यांकडून येतो आणि मूल तो परत देतं. पण वस्तू जेव्हा मुलाच्या अंगणातलीच असते, तेव्हा तिचं नाव मुलाला आधीच ठाऊक असतं. बाहेरून आलेल्या ताईला ते विचारून घ्यावं लागतं. शिंपला हातात घेऊन "याला तुमच्यात काय म्हणतात?" असं विचारायची वेळ मोठ्या माणसावर येते, आणि जो विचारतो तो शिकणारा होतो. चार वर्षांच्या मुलाला बोलतं करायला याहून चांगली युक्ती मला अजून कुठल्या पुस्तकात सापडलेली नाही.

सातासमुद्रापार तोच वाद

1960 च्या दशकात इंग्लंड-अमेरिकेत हा प्रश्न संशोधनाचा मोठा विषय झाला. लंडनचे समाजशास्त्रज्ञ बेसिल बर्नस्टाइन यांनी भाषेच्या दोन धाटण्यांची मांडणी केली. एकीत बरंचसं गृहीत धरून, संदर्भावर सोडून बोललं जातं. दुसरीत सगळं उलगडून सांगितलं जातं, आणि शाळा ही दुसरी धाटणी मागते. बर्नस्टाइन यांचा रोख वर्गव्यवस्थेवर होता. पण वाचणाऱ्यांनी त्यातून सोयीचा अर्थ काढला: गरिबांच्या मुलांना भाषाच कमी येते. स्वतः बर्नस्टाइन यांना हा अर्थ मान्य नव्हता.

1969 मध्ये विल्यम लबोव यांनी याला उत्तर दिलं. त्यांच्या निबंधातला एक प्रसंग प्रत्येक संशोधकाने वाचावा असा आहे. हार्लेममधला आठ वर्षांचा लिओन. मुलाखत घेणारा हार्लेममध्येच वाढलेला, मुलांच्या ओळखीतला कृष्णवर्णीय माणूस. तरीही लिओन एका-एका शब्दाची उत्तरं देतो, नाहीतर गप्प. पुढच्या वेळी तोच माणूस बटाट्याच्या वेफर्सचं पाकीट आणतो, लिओनच्या जिवलग मित्राला बरोबर घेतो, खाली जमिनीवर बसतो आणि एरवी मोठ्यांसमोर बोलता येत नाहीत असे विषय काढतो. मग दोघं मुलं एकमेकांना बोलूच देईनात. मूल तेच, माणूस तोच, भाषाही तीच. बदलली ती मांडणी.

फिजिक्सवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर मोजण्याच्या क्रियेनेच मोजमाप बिघडलं होतं.

1984 मध्ये बार्बरा टिझार्ड आणि मार्टिन ह्यूज यांनी आणखी साधी गोष्ट केली. सुमारे चार वर्षांच्या 30 मुलींचं बोलणं सकाळी बालशाळेत आणि दुपारी घरी आईबरोबर असताना रेकॉर्ड केलं. अपेक्षा अशी की शाळेत भाषा समृद्ध, घरी साधी. निघालं उलटं. घरातले संवाद लांब आणि प्रश्नांनी भरलेले होते. कामगार कुटुंबांतल्या मुली शाळेत विशेष गप्प असायच्या. शिक्षिकेला दिसायची ती मुलगी आणि घरी स्वयंपाकघरात बोलणारी मुलगी, दोघी जणू वेगळ्याच.

तरीही 'कमतरते'ची कल्पना मेली नाही. 1995 मध्ये हार्ट आणि रिस्ली यांनी अमेरिकेतल्या 42 कुटुंबांची दर महिन्याला तासभर केलेली रेकॉर्डिंगं मांडली. त्यातून पुढचा हिशेब करून चार वर्षांपर्यंत गरीब मुलं तीन कोटी कमी शब्द ऐकतात, हा आकडा जगभर गाजला. आकडा फार मोठा, पण त्यात सरकारी मदतीवर जगणारी कुटुंबं फक्त 6 होती. 2019 मध्ये स्पेरी आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या समाजांत पुन्हा मोजलं, घरातल्या इतर माणसांचं आणि आजूबाजूचं बोलणंही धरलं, तेव्हा तसं सरसकट अंतर दिसलं नाही. एकट्या आईचं बोलणं मोजायचं की आजी, काका, शेजारीण यांचंही? कोळीवाड्यातलं कुठलंही घर डोळ्यांसमोर आणा, म्हणजे या निवडीने उत्तर किती बदलेल ते कळेल.

फलटण आणि कोर्लई

आपल्याकडे परत येऊ. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेत जन्मलेल्या भाषावैज्ञानिक फलटणच्या मराठी बोलीतल्या विविधतेवर पीएच.डी. करायला आल्या आणि पुढे तिथेच स्थायिक होऊन भारताच्या नागरिक झाल्या. एकाच गावात माणसं किती परींनी मराठी बोलतात, हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. तो अभ्यास कपाटात राहिला नाही. 1984 मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि 1986 मध्ये कमला निंबकर बालभवन सुरू झालं. वस्तीतून येणारं मूल जी मराठी घेऊन येतं तिथून सुरुवात करायची आणि प्रमाण मराठीपर्यंत पोचायचं, ही वाट त्यांनी वर्गात रुळवली. त्याच सुमारास, 1986 मध्येच, कृष्ण कुमार यांचं मुलांची भाषा आणि शिक्षक यांवरचं छोटं हस्तपुस्तक आलं. लिहिण्या-वाचण्याच्या आधी बोलण्याला जागा द्या, हे त्यात शिक्षकांना फार साध्या शब्दांत सांगितलं आहे.

दुसरं उदाहरण माझ्या फील्डच्या अगदी दाराशी आहे, आणि ते मला बराच काळ दिसलंच नव्हतं. रेवदंड्याहून साळावचा पूल ओलांडून मुरूडच्या दिशेने निघालं की कुंडलिकेच्या मुखाशी कोर्लईचा किल्ला दिसतो. 1594 मध्ये तो पोर्तुगिजांनी निजामशाहीकडून घेतला. 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि 1740 मध्ये चौल-कोर्लईचा प्रदेश मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज सत्ता गेली, पण किल्ल्याखालच्या गावातले ख्रिस्ती लोक तिथेच राहिले, आणि त्यांची पोर्तुगीजपासून घडलेली भाषाही राहिली. बोलणारे तिला 'नो लिंग', म्हणजे 'आपली भाषा' म्हणतात. बोलणाऱ्यांची संख्या हजाराच्या आसपास. भाषावैज्ञानिक क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी 1996 मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिलं. शब्द बरेचसे पोर्तुगीज घराण्यातले, पण क्रियापद मराठीसारखं वाक्याच्या शेवटी.

आता विचार करा. या भाषेला शाळा नाही, पाठ्यपुस्तक नाही, चाचणी नाही. पावणेतीनशेहून जास्त वर्षं ती फक्त एकाच मार्गाने टिकली: घरातली मोठी माणसं लहान मुलांशी तीत बोलत राहिली. कुठल्याही प्रशिक्षणाशिवाय, पिढ्यामागून पिढ्या, पूर्ण व्याकरणासकट. 'गरीब घरांत मुलांशी बोललंच जात नाही' असं विधान कुणी केलं की मला आता कोर्लई आठवतं.

पण कोर्लईचं मूल अंगणवाडीत जातं तेव्हा तिथली भाषा मराठी असते. मराठी तर यायलाच हवी, त्याबद्दल प्रश्न नाही. माझी काळजी वेगळी आहे. कुणी माझ्यासारखी बाई तक्ता घेऊन तिथे बसली आणि मूल गप्प राहिलं, तर ती काय लिहील? आणि ते वाचून कुणी पालकांना सांगितलं की घरी आता मराठीच बोला, तर एका संध्याकाळी पावणेतीनशे वर्षांचा धागा तुटायला सुरुवात होईल. आजीला मराठी तितकी सहज येत नसेल, तर ती मुलाशी कमी बोलेल. मौखिक भाषा वाढवायला गेलो आणि मुलाशी सगळ्यात जास्त बोलणारं माणूसच गप्प केलं, असं व्हायचं.

योजना आली, गप्पा राहिल्या

ताराबाई 1973 मध्ये गेल्या. दोन वर्षांनी, 2 ऑक्टोबर 1975 रोजी, एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली आणि बोर्डीच्या अंगणातला शब्द देशभर पोचला. आज देशात अंगणवाड्या तेरा लाखांहून जास्त आहेत. योजनेच्या सहा सेवा: पूरक पोषण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भसेवा, पोषण-आरोग्य शिक्षण आणि अनौपचारिक पूर्वशालेय शिक्षण. कुपोषणाने मुलं दगावत होती, त्यामुळे वजनकाट्याला पहिला मान मिळाला यात चूक काहीच नाही. पण सहावी सेवा बहुतेक ठिकाणी सहाव्याच नंबरावर राहिली.

सेविकाताईंचा दिवस एकदा जवळून बघा. हजेरी, आहारवाटप, वजन-उंची, गृहभेटी, मोबाइलमधल्या नोंदी. यातून मुलांशी निवांत गप्पा मारायला उरतो किती वेळ? मग एका सुरात कविता म्हणून घेणं सोयीचं पडतं. वीस मुलं एकाच वेळी बोलताना दिसतात, पण स्वतःचं वाक्य एकही मूल बोललेलं नसतं. हे ताईंच्या तक्रारीसाठी लिहीत नाही. कामाची मांडणीच अशी आहे.

2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, 2021 चं निपुण भारत अभियान आणि 2022 चा पायाभूत स्तराचा आराखडा या तिन्हींत घरच्या भाषेला आणि बोलण्याला जागा मिळाली आहे. कागदावर हा मोठा बदल आहे. आता प्रगती मोजायची म्हणजे चाचण्या येणार, आणि त्या चाचण्या तुमच्या-माझ्यासारखे लोकच तयार करणार. म्हणून हा इतिहास जुना झालेला नाही.

माझ्या तक्त्याचं पुढे काय झालं

मी पायलटचे सगळे गुण बाजूला ठेवले. गाइड म्हणाले, फेकू नकोस, परिशिष्टात ठेव, चुकीचं उपकरण कसं दिसतं ते दाखवायला उपयोगी पडेल. मग चार गोष्टी बदलल्या. तुमच्या प्रस्तावात उपयोग झाला तर बघा.

पहिलं, शब्दांची यादी बाहेरून आणायची नाही. आधी गावात महिनाभर नुसतं ऐकायचं, मग ताई आणि दोन-तीन आज्यांबरोबर बसून यादी करायची. उत्तरसूचीत 'मासा' आणि 'म्हावरा' दोन्ही बरोबर.

दुसरं, गप्प बसणं म्हणजे शून्य नाही. त्यासाठी वेगळा रकाना ठेवायचा. 'उत्तर चुकलं' आणि 'उत्तर दिलं नाही' हे दोन वेगळे डेटा आहेत. एकत्र केले की पुढे कुठलंही सॉफ्टवेअर ते वेगळे करून देऊ शकत नाही.

तिसरं, एकाच मुलाला दोन ठिकाणी ऐकायचं: अंगणवाडीत आणि घरी किंवा ओळखीच्या मुलांबरोबर. टिझार्ड-ह्यूज यांच्या कामातून घेण्यासारखी ही सगळ्यात मोठी गोष्ट. रेकॉर्डिंगसाठी पालकांची संमती त्यांना कळेल अशा भाषेत घ्यायची, आणि मूल "नको" म्हणालं की यंत्र बंद करायचं.

चौथं, ज्याचं उत्तर मला आधीच माहीत आहे असे प्रश्न कमी करायचे. 'हे काय आहे?' हा प्रश्न मुलाला खोटा वाटतो, कारण समोरच्या बाईला दिसतंय की ते काय आहे. मला खरंच माहीत नसलेलं विचारलं की मुलं बोलतात.

याचा तोटाही सांगते. माझी साधनं आता फक्त या पट्ट्यापुरती उपयोगी आहेत. दुसऱ्या जिल्ह्यातल्या आकड्यांशी थेट तुलना होत नाही. मागच्या सेमिनारमध्ये एका परीक्षकांनी नेमकं तेच विचारलं, आणि त्यांचा आक्षेप बरोबर होता. स्थानिकपणा आणि तुलना, दोन्ही पूर्ण मिळत नाहीत. किती काय सोडायचं ते ठरवावं लागतं, आणि का सोडलं ते प्रबंधात लिहावं लागतं. माझा तो धडा अजून लिहून झालेला नाही.

ती मुलगी आता पहिलीत आहे. गेल्या पावसाळ्याआधी भेटली तेव्हा मी पिशवीतून जुनं माशाचं कार्ड काढून तिला पुन्हा दाखवलं. तिने बघितलं, हसली आणि म्हणाली, "मासा." मग जरा थांबून, माझी कीव केल्यासारखी, "पन असा म्हावरा नसतोच."

दोन्ही उत्तरं मी लिहून घेतली.